नळाला कान लावणारे सर

सरांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांचा प्रयोग पिऊन टाकला म्हणून.

धाकटीच्या शाळेत पाण्याची जत्रा होती. पालकांनी आवर्जून यावं असा निरोप शाळेच्या ग्रुपवर आला होता. आमच्या घरात 'पालकांनी' या शब्दाचा अर्थ 'वडिलांनी' असा होतो, कारण आवर्जून जाण्यासारख्या सगळ्या जागा रटाळ असतात असं बायकोचं मत आहे. मी गेलो. शाळा हर्सूलच्या पुढं, उघड्या माळावर. उन्हाळा लागायचा होता, पण आमच्याकडच्या उन्हाला तेवढा धीर नसतो. मैदानभर ड्रम, पाइप, बादल्या आणि चिंब झालेली पोरं. कडेला मंडपात एक टेबल, टेबलावर पांढरी चादर आणि तिच्यावर ओळीनं काचेचे ग्लास, पाण्यानं भरलेले. मला वाटलं, वा, पालकांची किती सोय! मधला ग्लास उचलला, एका दमात संपवला आणि वर टेबलामागच्या पोरीला विचारलं, "बाळा, गार नाही का?"

पोरगी किंचाळली. "सर! काकांनी आमचा तीन नंबर पिला!"

मग मला कळलं की ते हर्सूलच्या तलावाचं पाणी होतं. वाळू, कोळसा, विटेचा चुरा अशा वेगवेगळ्या थरांतून पोरांनी ते सकाळपासून गाळत आणलं होतं. कुठल्या थरातून आलेलं जास्त नितळ, हे आता सगळ्यांसमोर ठरायचं होतं. तीन नंबरच्या गटातला एक मुलगा तर रडायच्या बेतात आला.

गर्दीतून एक उंच, वाळके गृहस्थ आले. पांढरी दाढी, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर एक लांब लोखंडी सळई. मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी रिकामा ग्लास उजेडात धरून पाहिला, खाली ठेवला आणि शिट्टी मारली.

"बच्चो, रोने का नै. प्रयोग संपला नाही. प्रयोग आता सुरू झाला. तीन नंबर आता काकांच्या पोटात आहे. खुर्ची लाव!"

खुर्ची आली. माझ्या शर्टाला टाचणीनं एक चिठ्ठी लावली, 'नमुना ३'. मग जोडीजोडीनं पोरं यायला लागली. "काका, मळमळतंय का?" "काका, जीभ दाखवा." एकीनं माझी नाडी भलत्याच ठिकाणी धरली आणि "लागत नाही, सर" असं जाहीर केलं. आमची धाकटी दोनदा समोरून गेली आणि दोन्ही वेळा तिनं मला ओळखलं नाही. जत्रा संपेपर्यंत मी बसून होतो. मला काहीच झालं नाही, याचं त्या पोरांना जेवढं वाईट वाटलं तेवढं माझ्या आयुष्यात कुणाला वाटलेलं नाही.

निघताना सर जवळ आले आणि चिठ्ठी काढता काढता हळूच म्हणाले, "उकळून थंड करूनच गाळायला दिलं होतं, जनाब. पोरांच्या हातात कच्चं पाणी देईन का मी? पुढच्या इतवारी या. माणूस चांगले आहात. बसायला सांगितलं की बसता."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला घरी कुणी पाणी देत नाही का?"

तर असा मी त्यांच्या जत्रेत नोकरीला लागलो, बिनपगारी. सर जुन्या शहरात एका उर्दू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचं वाक्य मराठीत निघायचं, वाटेत दख्खनी व्हायचं आणि मुक्कामाला इंग्रजीत पोचायचं. दर आठवड्याला नाही तरी महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी एका टेम्पोत सगळा पसारा भरून ते कुठल्या ना कुठल्या शाळेत जत्रा लावायचे. शाळा मराठी आहे की उर्दू, झेडपीची आहे की टाय लावणारी, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकच अट असायची. 'पाणी वाचवा' असं लिहिलेला एकही फलक आवारात दिसता कामा नये.

एकदा एका शाळेनं हौसेनं भिंतभर फलक लावले होते. थेंबाला डोळे, थेंबाला हात, थेंब रडतोय. सर दारातच थांबले. "हे उतरवा, मग टेम्पो आत येईल."

तिथल्या मॅडम गोंधळल्या. "पण सर, संदेश तर तोच आहे ना?"

"मॅडम, ज्या पोरानं बादलीत कोपरापर्यंत हात घातला नाही, ते काय वाचवणार? त्याला माहीतच नाही कुणाला वाचवायचं ते. पहले दोस्ती, बाद में मदद."

आता आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे वेगळं सांगायला नको. कुठल्या गल्लीला कधी येणार यावर लोकांच्या लग्नाच्या तारखा, धुण्याचे वार आणि पाहुण्यांचे मुक्काम ठरतात. अशा गावात पोरांना पाण्यात खेळवणारा माणूस म्हणजे वेडाच. एका पालकानं त्यांना मैदानातच गाठलं होतं. "ओ मास्तर, हितं प्यायला टँकर घ्यावा लागतो अन् तुम्ही खेळ लावलाय?"

सर म्हणाले, "आता खेळली नाहीत, तर मोठी होऊन भांडतील. आपल्यासारखी."

पण सांडलेलं त्यांना खपायचं नाही. जत्रेतलं सगळं पाणी शेवटी झाडांना जायचं, आणि मध्येच कुणी सांडलं तर त्यानं जवळच्या झाडापुढं उभं राहून माफी मागायची, असा नियम होता. "सॉरी, तुमचं पाणी मी सांडलं." मोठ्यानं, झाडाचं नाव घेऊन. पहिलीतल्या पोरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत मी सगळ्यांना कडुनिंबासमोर मान खाली घालून उभं राहिलेलं पाहिलंय. मी स्वतः इतक्यांदा माफी मागितली की एका शाळेतल्या निंबाला मी नातेवाईक वाटत असणार.

सरांना स्वतःविषयी एक भ्रम होता. पाणी चाखून ते कुठलं आहे ते सांगता येतं, असं त्यांना वाटायचं. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बायकोनं तांब्या-भांडं पुढं केलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले.

"बिडकीन. बोअरचं."

"जार आहे, सर," बायको म्हणाली. "कोपऱ्यावरून आणतो."

"तेच तर. कोपऱ्यावाला बिडकीनहून भरतो."

पुढच्या वेळी बायकोनं मुद्दाम नळाचं ठेवलं. सर म्हणाले, "आज लासूरचं आलं वाटतं." माझ्या बायकोचं माहेर लासूर स्टेशनचं. ती म्हणाली, "आमच्या लासूरचं पाणी असं असतं तर मी लग्न करून इकडं आले असते का?" सर खळखळून हसले, पण मत काही बदललं नाही. इतक्या वर्षांत त्यांचं एकदाही बरोबर आलेलं मी पाहिलं नाही. आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही 'बहुतेक' हा शब्द वापरला नाही.

कानाचं मात्र तसं नव्हतं. कान खरा होता.

ती खांद्यावरची सळई म्हणजे त्यांचा स्टेथो. छातीपर्यंत येणारी लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडाची एक चकती बसवलेली. खालचं टोक पाइपावर टेकवायचं, चकतीला कान लावायचा आणि श्वास धरायचा. जमिनीखाली कुठं पाणी झिरपत असेल तर त्याचा आवाज सळईतून वर येतो. त्यांचे वडील शहरातल्या जुन्या नहरीच्या, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या पाटाच्या, देखभालीवर होते. लहानपणी ते त्यांना नहरीच्या मनोऱ्याला कान लावून बसवत आणि विचारत, "बोल, क्या बोल रहा है?" तीच सवय. लग्नाच्या पंगतीतून उठून हा माणूस कार्यालयाच्या भिंतीला कान लावून उभा राहिलेला मी पाहिला आहे. व्यवस्थापकाला वाटलं, पाहुण्यांना काहीतरी झालं. सर म्हणाले, "फरशी काढा, आत पाणी जातंय." त्यांनी काढली आणि खरंच जात होतं. पण दुरुस्तीसाठी पाणी बंद केलं तेव्हा वरपक्षाची अख्खी पंगत हातावर मठ्ठा घेऊन बसली होती, त्यामुळं सरांचे आभार कुणी मानले नाहीत.

जत्रेत 'कान' हा शेवटचा खेळ असायचा. बाकी मैदानावर गोंगाट, आणि इथं शाळेच्या टाकीपासून नळांपर्यंत जाणाऱ्या पाइपाजवळ एकदम चिडीचूप. एका टोकाचा नळ सर किंचित गळता ठेवायचे. आधी स्वतः सळई लावायचे, डोळे मिटायचे, मान डोलवायचे. "बोल रहा है." मग पोराला द्यायचे. सळईला कान लावलेल्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो. आधी काहीच नसतं. मग कपाळावर एक आठी. आणि मग एकदम भुवया वर. ते एकदा पाहिलं की माणूस रविवारची झोप सोडतो. मी सोडली.

पोरांना ते एकच सांगायचे. "मी म्हणतो म्हणून 'हौ' म्हणू नको. कलेक्टर म्हणाला तरी नक्को. अपना कान लगा."

पुढं पुढं एक बदल झाला होता. आता ते आधी पोराला ऐकू द्यायचे आणि मग स्वतः कान लावायचे. डोळेही मिटेनासे झाले. मला वाटलं, वयानं माणूस नम्र होतो. फोन उचलेनात, तेव्हा वाटलं, फोन जुना आहे. मोठ्यानं बोलायला लागले, तेव्हा वाटलं, मैदानात बोलून सवय झाली. मी विमा कंपनीत काम करतो. लोकांनी लपवलेले आजार हुडकून काढायचे पैसे मला मिळतात.

सरांना एकच मोठी हौस होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत एक सळई असावी. पोरांनी आपल्या शाळेचे, आपल्या गल्लीचे पाइप ऐकावेत आणि कुठं गळतंय ते स्वतः सांगावं. "मैं अकेला कितने पाइप सुनूँ?" असं ते म्हणायचे. त्यासाठी कचेऱ्यांत खेटे घालून घालून अखेर एक शिक्षणाधिकारी जत्रा बघायला यायला तयार झाले. त्यांना पटलं तर खेळ सगळ्या शाळांत जाणार होता. सरांनी त्या दिवशी पँट गुंडाळली नव्हती. इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि चकतीला तेल लावून आणलं होतं. खेळ माहीत असलेली आमच्या शाळेतली काही पोरंही त्यांनी सोबत घेतली होती. त्यांत धाकटी होती.

ज्या शाळेत जत्रा होती तिथले मुख्याध्यापक म्हणजे अतिशय काळजीखोर माणूस. साहेबांपुढं काही चुकू नये म्हणून त्यांनी आदल्या दिवशी पोरांची तालीम घेतली होती. सळई लावायची, थोडं थांबायचं, भुवया वर करायच्या, हसायचं, 'ऐकू आलं सर' म्हणायचं. हे सरांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्यात आणखी एक झालं. त्या दिवशी त्या भागाला पाणी यायचं होतं, ते एक दिवस पुढं ढकललं गेलं. जत्रेचे ड्रम टँकरनं भरले होते, त्यामुळं खेळ जोरात चालू होते. टोकाचा नळ शिपायानं आदल्या दिवशीच किंचित सोडून ठेवला होता. तो गळतोय का, किंवा गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे का, हे बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. टाकी कोरडी होती. म्हणजे पाइपही.

साहेब सगळं बघत बघत 'कान'पाशी आले. पहिल्या पोरानं सळई लावली. थांबलं, भुवया वर केल्या, हसलं. सर त्याच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होते. चेहरा उजळला तसे सरही उजळले. त्यांनी चकतीला कान लावला आणि मान डोलावली.

"बोल रहा है! साहेब, ऐका. ही बारीक गळती आहे. साफ आवाज."

साहेबांनी कान लावला. क्षणभर थांबून म्हणाले, "वा! अगदी स्पष्ट."

मुख्याध्यापकांनी लावला. "अप्रतिम," म्हणाले.

मग सरांनी कौतुकानं सळई माझ्याकडं दिली. मी कान लावला. काहीही ऐकू आलं नाही. म्हटलं, आपलाच कान बंद असेल. एवढी मोठी माणसं ऐकतायत. मी मान डोलावली, आणि आपण कमी पडायला नको म्हणून "जबरदस्त!" असंही म्हणालो.

माझ्यानंतर धाकटी. तिनं कान लावला. बराच वेळ. आठी आली, पण भुवया काही वर जाईनात. सळई थोडी सरकवली, पुन्हा कान लावला. मग उभी राहिली.

"सर, पाइप रिकामा आहे."

मुख्याध्यापक गोड हसले. "नीट ऐक, बाळा."

"नीटच ऐकलं. आत काही नाही."

"सगळ्यांना ऐकू आलं की नाही, मुलांनो?"

"होऽऽऽ!"

"मग नळ सोडून बघा," धाकटी म्हणाली. कुणी हलेना, तेव्हा तिनंच जाऊन नळ पूर्ण उघडला.

नळानं एक लांब सुस्कारा सोडला. मग त्यातून एक झुरळ बाहेर आलं, त्यानं मिशा हलवून आम्हा सगळ्यांकडं पाहिलं आणि ते परत आत गेलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "उपक्रम चांगला आहे," असं मुख्याध्यापकांना सांगून ते गाडीकडं चालायला लागले. मुख्याध्यापक त्यांच्यामागं पळाले. सर तिथंच उभे होते, सळई हातात. मग ते धाकटीजवळ गेले, वाकले आणि तिच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "क्या बोली तू? फिरसे बोल."

"पाइपात पाणी नाही, सर."

ते त्या पहिल्या पोराकडं वळले. "तुला ऐकू आलं होतं?"

पोरगं पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागलं. "मोठ्या सरांनी तसं करायला सांगितलं व्हतं."

सरांनी मान हलवली. सळई खांद्यावर टाकली आणि फाटकातून निघून गेले. ड्रम तसेच, पाइप तसेच. उरलेलं पाणी झाडांना घालायचंही त्यांनी सांगितलं नाही. ते मी आणि शिपायानं घातलं.

घरी येताना मी धाकटीला म्हटलं, "अगं, चारचौघांत असं? हळूच कानात सांगायचं ना."

"त्यांच्या कानात सांगून काय होणार?" ती म्हणाली. मला वाटलं, उद्धटपणा करतेय. पोरीला कळलं होतं आणि मला नव्हतं.

मग सरांचा पत्ताच नाही. रविवारमागून रविवार गेले. मी रविवारी पुन्हा झोपायला लागलो, पण झोपेत मजा राहिली नव्हती. बायको एरवी जत्रेला नावं ठेवायची. तीच एके दिवशी म्हणाली, "जाऊन बघा की एकदा. माणूस हाय ते. आणि हिला घेऊन जा, ती जेवण टाकून बसतीय."

आम्ही दोघं गेलो. दार सरांच्या बेगमनं उघडलं. मी "सर आहेत का?" म्हटलं तर त्या म्हणाल्या, "हैं ना, अंदर. पण जोरसे बोलना, भाऊ. दो साल हो गये, उनको कुछ सुनाई नै देता. तुम्हाला माहीत नाही?"

मी दारातच उभा राहिलो. दोन वर्षं मी या माणसाबरोबर दर जत्रेत होतो.

सर पलंगावर बसले होते. सळई गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. मला बघून कसनुसे हसले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली, बहुधा माझं बोलणं ऐकायची वेळ येऊ नये म्हणून.

"मशीन आहे माझ्याकडं. मुलानं घेऊन दिली. त्यात सगळं ऐकू येतं. हॉर्न, भांडी, बेगम. पाइप ऐकू येत नै. म्हणून लावत नै." मग म्हणाले, "मी पोरांचे चेहरे बघायचो, जनाब. त्यांना ऐकू आलं की मला कळायचं. कसा आवाज आहे, बारीक का मोठा, सगळं. चेहऱ्यावर येतं ते. दो साल मैंने वैसाच सुना. इज्जत गेली त्याचं काही नै. साहेब गेले, जाऊ द्या. पण त्या दिवशी चेहरा खोटं बोलला. आता मी ऐकू कसं?"

अशा वेळी माझ्यातला विमावाला जागा होतो. मी मोठमोठ्यानं सांगितलं की सळईला माइक लावता येईल, स्पीकर लावता येईल, व्हिडिओ दाखवता येईल, अलीकडं खूप सोयी निघाल्यात. सरांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेनं ते वाहत्या नळाकडं बघायचे.

"नक्को. जत्रा बंद. बहिरा माणूस पोरांना काय ऐकायला शिकवणार? लोग हसेंगे."

धाकटी उठली, कोपऱ्यातली सळई गोणपाटातून काढली आणि भिंतीकडेनं मोरीकडं गेलेल्या पाइपावर टेकवून कान लावला. सर बघत राहिले. तिनं मुद्दाम चेहरा कोरा ठेवला होता, हे मला आत्ता लिहिताना जाणवतं. मग ती सरांपुढं येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सर, आई पोहे भाजते ना कढईत, तसं वाजतंय. हळू. आणि मध्येच थांबतंय."

"थांबतंय?" सरांची पाठ ताठ झाली. "थांबतं म्हणजे गळती नाही. गळती थांबत नै. म्हणजे कुणीतरी... बेगम! नल बंद कर!"

आतून बेगम ओरडल्या, "भांडी घासतेय मी!"

ते त्यांना ऐकू गेलं नाही. धाकटीनं पुन्हा कान लावला. "आता पूर्ण थांबलं."

"अब देख. नल चालू कर, बेगम! थोडा! अब क्या?"

"आता दातांतून हवा ओढल्यासारखं."

"कितना? लंबा का छोटा?"

ते बराच वेळ चाललं. बेगमची भांडी तशीच राहिली. मला दिलेला चहा गार झाला. मी कुणालाच नको होतो आणि इतका आनंदात मी बऱ्याच दिवसांत नव्हतो.

पुढची जत्रा आमच्याच शाळेत झाली. सरांनी शिट्टी मारून सगळ्यांना पाइपाजवळ बसवलं आणि सांगून टाकलं. "बच्चो, मला ऐकू येत नाही. बिलकुल नै. तुम्ही ऐका आणि मला सांगा. नुसतं 'ऐकू आलं' चालणार नाही. कसं, ते सांगा. खोटं सांगितलं तर मी खोटं ऐकणार. और फिर मैं गलत जगह खोदूँगा."

एवढं बोलून ते पोरांकडं बघत राहिले. कुणी हसेल म्हणून मीच आधी घसा खाकरून ठेवला होता. कुणी हसलं नाही. आणि मग जे सुरू झालं ते आधीच्या कुठल्याच जत्रेत झालं नव्हतं. तोवर पोरं नुसती भुवया वर करून सळई पुढं द्यायची. आता त्यांना शब्द शोधावे लागत होते, आणि शब्द सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा कान लावावा लागत होता. "आज्जी झोपेत फुरफुर करते तसं." "पाटीवर ओलं फडकं." "टायर पंक्चर झाल्यावर, पण लांबून." एका पोराला काहीच ऐकू आलं नाही, ते घाबरत घाबरत म्हणालं, "सर, मला काय नाय आलं." सरांनी त्याच्यासाठी शिट्टी वाजवली. "शाबास! 'काही नाही' हे पण ऐकावं लागतं!"

त्या दिवशी पहिल्यांदाच बायको आली होती, लांब उभी राहून बघत होती. सरांनी तिला खूण करून बोलावलं. ती नको नको म्हणत आली, पदर सावरून वाकली आणि कान लावला. सर तिच्या चेहऱ्याकडं बघत थांबले. खूप वेळानं ती म्हणाली, "पोत्याला भोक पडल्यावर बाजरी सांडते ना, तसं. आमच्या वडिलांचं लासूरला आडत दुकान व्हतं, तिथं असा आवाज यायचा."

"बाजरी? ज्वारी नै?"

"बाजरीच. ज्वारीचा आवाज जाड असतो."

"तो छेद बारीक है," सर खूश होऊन म्हणाले आणि तिच्यापुढं मान लववली. माझ्या बायकोपुढं अशी मान लववलेली मी आजवर कुणाची पाहिली नव्हती. माझी तर नाहीच.

त्या साहेबांकडून पुढं काहीही आलं नाही. प्रत्येक शाळेत सळई काही गेली नाही. पण सर मुलाकडं नांदेडला राहायला जाईपर्यंत जत्रा चालू होती. आता ते अधूनमधून व्हिडिओ कॉल करतात. बोलत फारसे नाहीत. आम्हाला फोन तोंडासमोर धरायला लावतात आणि ओठांकडं नुसते बघत राहतात.

पण आमच्या शाळेतल्या त्या जत्रेच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. घरी आलो, चहा झाला, मी मोबाइल उघडून बसलो. बायको स्वयंपाकघरातून बोलत बोलत बाहेर आली. काहीतरी सांगत होती. मी मान वर न करता "हं" म्हणालो. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं, मी पुन्हा "हं" म्हणालो. मग ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "देवा, ह्यांना बी जरा कमी ऐकू यायला लागू दे. मी बोलताना माझ्या तोंडाकडं बघतील तरी."